लालडेंगा : एका बंडाची वीस वर्षे



स्मृतिव्याख्यानासाठी बहुधा संत, समाजसुधारक किंवा स्वातंत्र्यसैनिक यांच्यापैकी कोणाचे तरी चरित्र निवडले जाते, आणि ते योग्यच आहे. आज मी निवडलेले चरित्र या तिन्ही प्रकारांत बसत नाही. भारतापासून फुटून निघण्यासाठी ज्याने शस्त्र उचलले, वीस वर्षे ते खाली ठेवले नाही आणि शेवटी त्याच भारताच्या राज्यघटनेची शपथ घेऊन जो मुख्यमंत्री झाला, त्या लालडेंगा यांची ही कथा आहे. ईशान्येच्या डोंगरांशी आपला संबंध काय, असे कोणाला वाटेल. तो संबंध दोन मराठी माणसांच्या द्वारे थेट आपल्यापर्यंत येतो. त्यांच्याविषयी यथावकाश बोलेन.

आधी एका शब्दाचा विचार करू. १८५७ साली जे घडले त्याला गोडसे भटजींनी आपल्या प्रवासवर्णनात सरळ ‘बंड’ म्हटले. पुढे सावरकरांनी त्याच घटनेला ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटले. घटना एकच, मात्र शब्द बदलला की पाहणाऱ्याची जागाही बदलते. मिझो लोक १९६६ नंतरच्या वीस वर्षांना ‘रम्बुआई’ म्हणतात. ‘अशांत झालेली भूमी’ असा त्याचा ढोबळ अर्थ. त्यात ना बंड आहे ना समर. कोण बरोबर आणि कोण चूक हे न सांगता, सोसावे काय लागले एवढेच तो शब्द सांगतो. मी मात्र ‘बंड’ हाच शब्द वापरणार आहे, कारण ज्या राज्याचा मी नागरिक आहे त्या राज्याविरुद्ध ते झाले होते. तथापि बंडाला कारणे नसतात असे समजण्याचे काही प्रयोजन नाही.

लालडेंगा यांचा जन्म ११ जून १९२७ रोजी लुंगलेईजवळच्या पुकपुई या खेड्यात झाला. तो प्रदेश त्या वेळी लुशाई टेकड्यांचा जिल्हा म्हणून ओळखला जाई आणि आसाम प्रांतात मोडत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षांत हा तरुण ब्रिटिश हिंदी सैन्यात भरती झाला आणि हवालदाराच्या हुद्द्यापर्यंत पोहोचला. सैन्यातून परतल्यावर स्वायत्त जिल्हा परिषदेत त्याला कारकुनी काम मिळाले. हिशेबाच्या वह्या, अर्ज, मंजुऱ्या, शेरे यांत त्याची वर्षे गेली. चरित्रकाराला हा भाग रुक्ष वाटेल. मला तो महत्त्वाचा वाटतो. राज्यकारभाराचा कागद कोणत्या टेबलावर अडतो हे या बंडखोराला आतून ठाऊक होते. उत्तम बोलणारा, माणसे जोडणारा आणि स्वतःविषयी काहीसा जास्तच विश्वास असणारा असा हा कारकून होता.

त्याला पुढारी बनवले ते बांबूने. मिझो टेकड्या बांबूच्या वनांनी भरलेल्या आहेत. त्यातील ‘मौटक’ जातीच्या बांबूला सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदा, आणि सगळ्या डोंगरांवर जवळजवळ एकाच काळात, फुलोरा येतो. फुलांमागून फळे धरतात, फळांवर उंदरांची बेसुमार वीण होते, आणि फळे संपली की हे उंदीर शेतांत आणि कणग्यांत शिरतात. भात उभ्यानेच नाहीसे होते. या दुष्काळाला मिझो भाषेत ‘मौताम’ म्हणतात, म्हणजे बांबूचा मृत्यू. १८६२ आणि १९११ च्या सुमारास तो येऊन गेला होता. वृद्धांना त्याची आठवण होती आणि हिशेब साधा होता : पुढचा १९५९ च्या आसपास येणार. जिल्हा परिषदेने १९५८ साली आसाम सरकारला तसे लिहून कळवले आणि पूर्वतयारीसाठी पैसे मागितले. फुलांमुळे दुष्काळ येतो ही डोंगरी लोकांची अंधश्रद्धा, असे समजून सरकारने ती मागणी बाजूला ठेवली.

दुष्काळ ठरल्याप्रमाणे आला. उंदराच्या शेपटीमागे बक्षीस लावण्याची वेळ आली, पण उंदीर आटोक्यात आले नाहीत. रस्ते नव्हते; धान्य होते तेथून पाठीवर वाहून न्यावे लागे. अशा वेळी १९६० मध्ये तरुणांची एक मदतसंघटना पुढे आली. तिचे नाव मिझो राष्ट्रीय दुष्काळ आघाडी. लालडेंगा तिचे पुढारी. कार्यकर्ते तांदळाच्या गोणी पाठीला बांधून दूरदूरच्या खेड्यांत पोहोचू लागले. ‘त्लॉम्ङाइह्ना’ नावाचे मिझो समाजाचे एक जीवनमूल्य आहे : दुसऱ्यासाठी आपणहून झिजावे आणि त्याचा उच्चार करू नये. या मूल्यावर वाढलेल्या समाजात, संकटात धान्य घेऊन दारी येणाऱ्याचे वजन किती वाढले असेल याची कल्पना करावी. २२ ऑक्टोबर १९६१ रोजी संघटनेच्या नावातून ‘दुष्काळ’ हा शब्द गळाला आणि मिझो नॅशनल फ्रंट हा राजकीय पक्ष उभा राहिला. ध्येय होते स्वतंत्र मिझोराम.

याच सुमारास, १९६० मध्ये, आसाम विधानसभेने असमिया ही राज्याची राजभाषा ठरवणारा कायदा केला. डोंगरी जिल्ह्यांना काही सवलती होत्या, परंतु ज्यांची भाषा असमिया नाही त्यांच्या मनात, आपण आपल्याच राज्यात परके आहोत ही भावना बसली. आपणा सीमाभागातल्या मंडळींना ही भावना मी समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच की आपण ती सभा, सत्याग्रह आणि न्यायालय यांच्या वाटेने नेली.

लालडेंगा यांनी दुसरी वाट धरली. डिसेंबर १९६३ मध्ये ते सहकाऱ्यांसह पूर्व पाकिस्तानात गेले आणि तेथील अधिकाऱ्यांकडून शस्त्रांचे व प्रशिक्षणाचे आश्वासन मिळवून आले. परतताना ते पकडले गेले. मुख्यमंत्री बिमला प्रसाद चालिहा यांना सनदशीर मार्गाने वागण्याची हमी दिल्यावर त्यांची सुटका झाली. त्या हमीचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. लालडेंगा यांच्या चरित्रात शब्द देणे आणि शब्द फिरवणे हे अनेकदा घडते, आणि ते झाकून ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. ३० ऑक्टोबर १९६५ रोजी त्यांच्या पक्षाने पंतप्रधानांना स्वतंत्रतेची मागणी करणारे निवेदन दिले. त्याच वेळी जंगलात पलटणी तयार होत होत्या. आसाम रेजिमेंटची एक पलटण बरखास्त झाल्याने कवायत जाणणारे आणि हाती काम नसलेले मिझो जवान आयतेच मिळाले.

२८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्री आयझॉल, लुंगलेई, चम्फाई आणि अन्य ठाण्यांवर एकाच वेळी हल्ले झाले. मोहिमेचे नाव होते ‘जेरिको’. मराठी बायबलात ज्याला यरीहो म्हटले आहे, तेच हे नगर. कर्ण्यांच्या आवाजाने ज्याचे तट कोसळले. मिझो सैन्याच्या एका पलटणीला यहोशवाचे म्हणजे जोशुआचे नाव होते, तर दुसरीला इंग्रजांशी लढताना पडलेल्या खुआंगचेरा या स्थानिक वीराचे. धर्मग्रंथ आणि लोककथा यांची ही सांगड मला विलक्षण वाटते. आपल्याकडे ‘हर हर महादेव’ म्हणत तलवार उपसली जाई, तशीच ही प्रेरणा. लुंगलेई आणि चम्फाई पडले. आयझॉलची सरकारी तिजोरी लुटली गेली. आसाम रायफल्सचे तिथले ठाणे मात्र वेढ्यात टिकून राहिले. १ मार्च रोजी लालडेंगा आणि साठ जणांच्या सह्यांनी स्वातंत्र्याची घोषणा झाली. एका जिल्ह्याने, ज्याची लोकसंख्या १९६१ च्या जनगणनेत सुमारे २ लाख ६६ हजार होती, एका खंडप्राय देशाशी युद्ध पुकारले.

इंदिरा गांधींना पंतप्रधान होऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. जिल्हा अशांत क्षेत्र घोषित झाला, सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा १९५८ चा कायदा लागू झाला. हेलिकॉप्टरने कुमक उतरवण्याचा प्रयत्न खालून होणाऱ्या गोळीबारामुळे फसला. आणि ५ मार्च १९६६ रोजी भारतीय हवाई दलाच्या लढाऊ विमानांनी आयझॉलवर मारा केला. बाजारपेठ आणि घरे जळाली, लोक आसपासच्या डोंगरांत पळाले. स्वतंत्र भारताने आपल्याच नागरिकांच्या वस्तीवर विमानांतून हल्ला केल्याचे हे एकमेव उदाहरण मानले जाते. विमाने माणसे आणि सामग्री टाकण्यासाठी पाठवली होती, असा खुलासा दिल्लीने केला. आसाम विधानसभेतील स्टॅन्ली निकल्स-रॉय आणि हूवर हिन्न्युता या खासी आमदारांनी मात्र प्रत्यक्ष जाऊन पाहिले आणि सभागृहात प्रश्न उपस्थित केला.

आता आपल्या संबंधाकडे येतो. त्या दिवशी देशाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गृहमंत्री झाले, आणि १९६७ च्या आरंभी मिझो टेकड्यांत जे सुरू झाले ते त्यांच्या गृहमंत्रिपदाच्या काळात सुरू झाले. यशवंतराव हे आपल्या आदराचे स्थान. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला हे वाक्य आपण लहानपणापासून पाठ केले आहे. परंतु त्या काळातल्या मिझो टेकड्यांचे पान आपल्या मराठी चर्चेत फारसे उघडले गेले नाही. या निर्णयांत कोणाचा किती वाटा होता याचा निवाडा करण्याइतकी साधने माझ्यापाशी नाहीत आणि मी तो करणारही नाही. पण पद ज्याचे, त्याच्या चरित्रात ते पान असायला हवे, एवढे इतिहासाच्या वाचकाने म्हटलेच पाहिजे.

ते पान असे आहे. बंडखोरांना खेड्यांतून अन्न आणि बातमी मिळते, तर खेडीच हलवावीत, असा विचार झाला. ब्रिटिशांनी मलायात हाच प्रयोग केला होता. जानेवारी १९६७ पासून गावे उठवून मोठ्या रस्त्यांच्या कडेला आणून बसवण्यात आली. भोवती कुंपण, दारावर पहारा, शेतावर जायला परवाना, रात्री संचारबंदी. १९७० पर्यंत पाचशेहून अधिक गावे शंभरावर केंद्रांत गोळा झाली होती. मिझो समाजाचा फार मोठा भाग आपले मूळ घर सोडून आला होता. या केंद्रांना दिलेले सरकारी नाव होते ‘संरक्षित आणि प्रगतिशील गावे’. भाषेचा अध्यापक म्हणून मी पुष्कळ विसंगत शब्दप्रयोग पाहिले आहेत, त्यांत याचा क्रम वरचा लागेल. त्या काळात तेथे काम केलेले प्रशासकीय अधिकारी विजेंद्रसिंह जाफा यांनी पुढे प्रांजळपणे लिहिले आहे की, लोकांना हाताने नेता येईल तेवढेच नेऊ दिले जाई, उरलेले धान्य व घरे जाळली जात, आणि हे सर्व आम्ही स्वेच्छेने केले अशा कागदावर गावप्रमुखांच्या सह्या घेतल्या जात. डोंगर जाळून फिरती शेती करणाऱ्या समाजाला शेतापासून तोडले म्हणजे काय होते? तांदूळ पिकवणारे शिध्याच्या रांगेत उभे राहिले. गावकीची सभा, तरुणांची मदतपथके, सामुदायिक शेतकामे हे सारे विस्कटले. बंड मात्र संपले नाही. उलट घर जळालेल्या मुलांना जंगलाची वाट अधिक जवळची वाटली.

लालडेंगा या काळात कुठे होते? ते सीमेपलीकडे होते, प्रथम चितगाव टेकड्यांत, पुढे डाक्क्यात. येथे त्यांच्याविषयीचा माझा आदर कमी होतो. पुढारी परदेशी पाहुणचारात आणि सैनिक पावसात, ही स्थिती सर्व बंडांत दिसते. मिझो बंडही त्याला अपवाद नव्हते. सहकाऱ्यांशी त्यांचे खटके उडू लागले. त्यांची एकाधिकारी वृत्ती आणि पैशाचा व्यवहार यांबद्दल कुरबुरी होत. मग १९७१ चा डिसेंबर आला. डाक्का पडले आणि ज्या सत्तेच्या आधारावर हे बंड उभे होते तीच पूर्वेकडून नाहीशी झाली. लालडेंगा ब्रह्मदेशातील आराकानमार्गे निसटले आणि पाकिस्तानात पोहोचले. परंतु पाकिस्तानला आता त्यांचा उपयोग उरला नव्हता. १९७२ च्या जानेवारीत दिल्लीने मिझोरामला आसामपासून वेगळे करून केंद्रशासित प्रदेश केले. ज्या मागणीसाठी दहा वर्षे आधी निवेदने करावी लागली असती, ती आता रक्त सांडल्यावर अर्धीमुर्धी मिळाली.

आयुष्याचा उत्तरार्ध वाटाघाटींचा आहे. तो तपशिलाने सांगत बसलो तर रात्र होईल. थोडक्यात असे : भारतीय गुप्तचर अधिकाऱ्यांशी युरोपात भेटी झाल्या, १९७६ च्या आरंभी लालडेंगा दिल्लीत आले, आणि १ जुलै १९७६ रोजी त्यांनी मिझोराम हा भारताचा अविभाज्य भाग असल्याचे लेखी मान्य केले. पण शस्त्रे खाली आली नाहीत. सरकारे बदलली, बोलणी फिसकटली, १९७९ मध्ये त्यांना अटक झाली. इंदिरा गांधी परत सत्तेवर आल्यावर पुन्हा बोलणी, १९८२ मध्ये पुन्हा बंदी, आणि लालडेंगा लंडनला. दरम्यान जंगलातल्या काहींनी त्यांना पदच्युत करून पाहिले, तेही टिकले नाही. आणि हिंसा चालूच होती. १३ जानेवारी १९७५ रोजी आयझॉलमध्ये भरदिवसा पोलीस महानिरीक्षक, उपमहानिरीक्षक आणि अधीक्षक अशा तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांना त्यांच्या कार्यालयात घुसून ठार करण्यात आले. १९७९ मध्ये बाहेरून आलेल्या लोकांना मिझोराम सोडण्याची नोटीस देण्यात आली. बिगरमिझो कारकून, शिक्षक, दुकानदार यांना जीव मुठीत धरून राहावे लागले. गावे जाळणाऱ्यांचा हिशेब आपण मांडला, तर हाही मांडायला हवा.

१९८४ च्या ऑक्टोबरात लालडेंगा बोलावणे आल्याने लंडनहून दिल्लीत आले. पंतप्रधानांशी त्यांची भेट ठरली तो दिवस होता ३१ ऑक्टोबर. त्या सकाळी इंदिरा गांधींची हत्या झाली. वीस वर्षांचा खेळ पुन्हा पहिल्या घरात जायचा. तो गेला नाही, याचे श्रेय राजीव गांधींना द्यावे लागेल. त्यांनी काही महिन्यांतच बोलण्यांचा धागा पुन्हा हाती घेतला. मिझोराममध्ये चर्चचे धुरीण आणि सर्व पक्षांचे सामान्य लोक शांततेसाठी टाहो फोडत होते. त्यांचे नाव कोणत्याही करारावर नसते, पण त्यांच्या रेट्याशिवाय हा करार झाला नसता.

येथे दुसरा मराठी माणूस येतो. राम प्रधान हे महाराष्ट्र केडरचे सनदी अधिकारी तेव्हा केंद्रीय गृहसचिव होते. यशवंतरावांच्या संरक्षणमंत्रिपदाच्या पहिल्या वर्षांत ते त्यांचे खासगी सचिव होते. गुरूच्या संरक्षणमंत्रिपदाच्या अखेरच्या वर्षात ज्या जखमेचा आरंभ झाला, ती बांधण्याचे काम वीस वर्षांनी शिष्याकडे आले. प्रधानांची सेवानिवृत्ती होती ३० जून १९८६. लालडेंगा यांच्याशी सर्व कलमे जवळपास ठरली होती आणि तरी सही होत नव्हती. निवृत्तीच्या त्याच दिवशी अडलेले मुद्दे मोकळे झाले, आणि कार्यालये बंद झाल्यानंतर, रात्री, करारावर सह्या झाल्या : लालडेंगा, गृहसचिव प्रधान आणि मिझोरामचे मुख्य सचिव लालखमा. सरकारी नोकरीच्या शेवटच्या काही तासांत एखाद्याच्या हातून असे काम व्हावे, हा योग विरळा.

करारात दोघांनी काय सोडले ते पाहण्यासारखे आहे. लालडेंगा यांनी स्वातंत्र्य सोडले, आणि शेजारच्या राज्यांतील मिझोवस्तीचे प्रदेश जोडून बृहन्मिझोराम करण्याचा आग्रहही. दिल्लीने पूर्ण राज्याचा दर्जा दिला. आणि मिझोंच्या धार्मिक-सामाजिक रूढी, रूढ कायदा व जमिनीची मालकी यांवर संसदेचा कायदा राज्याच्या विधानसभेच्या संमतीशिवाय लागू होणार नाही, अशी हमी घटनेच्या ३७१-जी या अनुच्छेदात घातली. तिसऱ्या माणसाचा त्याग मात्र विसरला जातो. काँग्रेसचे निवडून आलेले मुख्यमंत्री लालथनहावला यांनी आपली खुर्ची रिकामी केली आणि ज्याच्या माणसांशी आजवर झगडा होता त्याच्या हाताखाली उपमुख्यमंत्री होणे पत्करले. आपल्या राजकारणात सरपंचपदही कोणी असे सोडत नाही. करार सर्वांना पुरा पडला असेही नव्हे. ह्मार लोकांना आपण वगळले गेलो असे वाटले आणि त्यांची वेगळी चळवळ पुढे काही वर्षे धुमसत राहिली.

बंडखोर जंगलातून उतरले, शस्त्रे मोजून देण्यात आली. २१ ऑगस्ट १९८६ रोजी लालडेंगा मुख्यमंत्री झाले. १९८७ च्या फेब्रुवारीत निवडणूक होऊन त्यांच्या पक्षाला चाळीसपैकी चोवीस जागा मिळाल्या आणि २० फेब्रुवारी रोजी मिझोराम भारताचे तेविसावे राज्य झाले. राज्यकर्ता म्हणून ते यशस्वी झाले असे कोणी म्हणणार नाही. एकट्याने निर्णय घेण्याची जंगलातली सवय मंत्रिमंडळात चालत नाही. दीड वर्षात पक्षात फूट पडली, सप्टेंबर १९८८ मध्ये सरकार कोसळले, राष्ट्रपती राजवट आली, आणि १९८९ च्या निवडणुकीत ते हरले.

माझ्या मते लालडेंगा यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी गोष्ट ही हार आहे. वाट माहीत होती, माणसे माहीत होती, सीमा तीच होती. पक्षांतर घडवून सरकार पाडले गेल्याचा राग होता आणि तो अगदीच निराधार नव्हता. तरीही कोणी बंदूक काढली नाही. लालडेंगा विरोधी पक्षात बसले. जंगलातून परतलेली मंडळी मतपेटीजवळच थांबली.

पुढच्या वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने ७ जुलै १९९० रोजी लंडनमध्ये त्यांचा अंत झाला. त्याआधी दहा आठवड्यांवर, एप्रिलच्या अखेरीस, त्याच शहरात नागा बंडाचे प्रणेते फिझो मरण पावले होते. फिझो तीस वर्षे लंडनमध्ये राहिले, पण दिल्लीशी तडजोड न करताच गेले. लालडेंगा यांचा देह आयझॉलला आणण्यात आला आणि ज्या शहरावर १९६६ मध्ये विमाने आली होती त्याच्या मध्यभागी त्यांचे दफन झाले.

शेवटी बांबूविषयी. अठ्ठेचाळीस वर्षांचा हिशेब पुन्हा भरला आणि २००७ च्या सुमारास मौताम आला. या वेळी कोणी अंधश्रद्धा म्हणाले नाही. राज्य सरकारने २००४ पासूनच योजना आखली होती, केंद्राने पैसे दिले होते. मुख्यमंत्री होते झोरामथंगा, लालडेंगा यांचे जंगलातील सचिव आणि त्यांच्या पश्चात पक्षाचे अध्यक्ष. तरी उंदीर आलेच, भात गेलेच, आणि मदतीच्या वाटपावरून लोक नाराज झाले. २००८ च्या डिसेंबरात निवडणूक झाली. दुष्काळातून जन्मलेल्या त्या पक्षाला चाळीसपैकी तीन जागा मिळाल्या.